मोजणाऱ्याचं सोंग

ओग्बोन्ना: नाही, पण तू मला एकदाच खरं सांग ना, आत्या. बाहेर चाललंय ती तालीम आहे, की बायका खरोखरच माझ्या दारात बसल्यात?

आत्या: ती एगुसीच्या बियांची टोपली सरकव इकडे.

ओग्बोन्ना: आत्या!

आत्या: ओरडू नकोस. मी तुझ्या बापाची थोरली बहीण आहे, तुझ्या शाळेतलं पोर नाही. टोपली दे आधी. हां. आता ऐक. पुढच्या दोन रांगा आहेत ना, त्या तालीम करतायत. मागच्या खऱ्या.

ओग्बोन्ना: म्हणजे काय?

आत्या: म्हणजे काय म्हणजे काय? पुढच्यांना तुझ्या त्या नाटकवालीनं धाडलंय, उगोन्मानं. ‘मास्तरच्या दारात जाऊन मुसळं आपटा, मुखियाला त्या साली कसं वाटलं असेल ते कळू दे त्याला.’ तुमचं ठरलं होतं म्हणे.

ओग्बोन्ना: माझं काही ठरलं नव्हतं! ती एवढंच म्हणाली होती की बाजाराच्या दिवसाआधी कधीतरी तुला न सांगता एक झटका देईन.

आत्या: मग दिला तिनं. तेवढ्यात बाजारातल्या बायकांना कळलं, तुझ्या भावजयीला, उलोमाला पहाटे सुईणीच्या दवाखान्यात नेलं, दिवस भरायच्या तीन आठवडे आधी. त्यांनी हातातली टोपली टाकली आणि उचललं मुसळ. येऊन बघतात तर दारात आधीच बायका बसलेल्या. त्यांना वाटलं, बरं झालं, आपल्या आधीच पोचल्या. बसल्या मागे.

ओग्बोन्ना: मग पुढच्यांना माहीत नाही मागच्या खऱ्या आहेत ते?

आत्या: एव्हाना कळलं असेल. मगाशी गाणं बदललं ते ऐकलं नाहीस? आधी ‘मुखियाच्या टोपीत भुसा’ चाललं होतं. आता ‘मास्तरच्या टोपीत भुसा’ चाललंय.

ओग्बोन्ना: मला दवाखान्यात जायचंय, आत्या. ओबिओरा तिकडे समुद्रात तेलाच्या विहिरीवर. जाताना माझा हात धरून म्हणाला, ‘दादा, हिच्याकडे बघ. मागल्या खेपेसारखं व्हायला नको.’ आणि मी इथे दाराला कडी लावून बसलोय.

आत्या: कडी काढ मग. बाहेर जा.

ओग्बोन्ना: जाऊ देतील?

आत्या: ज्याच्या दारात बायका बसल्या तो माफी मागितल्याशिवाय कधी उंबरा ओलांडून गेलाय का? तुझ्या आज्याला विचारलं असतंस, असता तर. नीट सांग बघू मला, काल काय केलंस. मी नव्हते तिथे. येणारी प्रत्येक वेगळंच सांगते. एक म्हणाली तू छडीनं मोजलंस. दुसरी म्हणाली खडूनं खुणा केल्यास.

ओग्बोन्ना: पेन्सिल होती. साधी पेन्सिल.

आत्या: पुढे.

ओग्बोन्ना: हे बघ, या नाटकाला लिहिलेलं असं काही नाही. आपण फक्त सोंग घेऊन बाजारात उभं राहायचं. बघणारे काय वाट्टेल ते विचारतात, आडवं लावतात, अंगावर येतात, आणि आपण मुखिया काय बोलला असता ते बोलायचं. इतकी वर्षं ते काम पलीकडच्या गावचा न्वोसु करायचा. तो फक्त वही उघडायचा आणि म्हणायचा, ‘गोऱ्या साहेबाचा हुकूम आहे, करासाठी बायकांची मोजणी होणार.’ की बायका उसळायच्या. वही उघडण्यापलीकडे काही नाही.

आत्या: न्वोसु शहाणा. म्हणून लेगोसला जाऊन राहिला.

ओग्बोन्ना: उगोन्मा म्हणाली, ‘न्वोसु नुसता बोलायचा. तू बोलू नकोस, कर. त्या माणसाच्या कातडीत शीर.’ काल उंबराखाली तालीम चालली होती. गर्दी जमली होती. उलोमाही आली होती, बाकावर पाय पसरून बसली होती, मक्याचं कणीस खात. कोणीतरी मागून टोमणा मारला, ‘काय हो मुखिया, जाऊन साहेबाला सांगणार काय? आम्ही आहोत तरी किती?’ आणि माझ्या अंगात आलं बघ. मी पेन्सिल काढली, समोरच्या रांगेवर रोखली, आणि एक, दो—

आत्या: आकडा काढू नकोस तोंडातून! कालचा काय कमी झाला?

ओग्बोन्ना: नाही काढत. असा... असा एकेकीवर पेन्सिल रोखत गेलो. सगळ्या गप्प. मला वाटलं, वा! काय रंगलंय. शेवटी उलोमाशी पोचलो. तिलाही मोजणीत धरलं. आणि मग तिच्या पोटावर पेन्सिल नेली आणि म्हणालो, ‘आणि आत एक.’

आत्या: अरे माझ्या कर्मा.

ओग्बोन्ना: तिच्या हातातलं कणीस पडलं, आत्या. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते.

आत्या: माणसाला मोजतात का रे? रताळी मोजतात, बकऱ्या मोजतात. ज्याला मोजलं त्याला कोणीतरी उणा करणार, म्हणूनच तर आपल्या आज्या त्या साली रस्त्यावर उतरल्या. आणि तू, त्याच घरातला मुलगा, पोटातल्याला मोजतोस? पोटातल्याला! ज्याचं नाव नाही, तोंड नाही, त्याला?

ओग्बोन्ना: मी शिकलेला माणूस आहे. हे सगळं मी मानत नाही. मी विज्ञान शिकवतो मुलांना.

आत्या: हो का? मग घाम का पुसतोयस?

ओग्बोन्ना: कारण मानत नसलो तरी पहाटेपासून तेच डोळ्यांसमोर येतंय. मागल्या वेळचं ते मूल... मी खांद्यावरून नेलं होतं ते, आत्या. पेटी इतकी हलकी होती की मला वाटलं, आत मूल ठेवायलाच विसरले.

आत्या: माहीत आहे मला. बस खाली.

ओग्बोन्ना: मागच्या दारी कोण? कोण आहे?

उगोन्मा: मी, मी. मीच उगोन्मा. दार लाव पटकन. मला वाटलं मलाही धरतात.

आत्या: तोंडाला सोंगाची राख फासून मांजरासारखी चोरवाटेनं आलीस? ये.

उगोन्मा: म्बाफोर आई, पाया पडते. मी फक्त आमच्या नाटकातल्या बायका पाठवल्या होत्या हो, त्या जेमतेम बा—

आत्या: नावं घे. आकडा नको.

उगोन्मा: आमच्या ओळखीच्या. आता बाहेर पाय ठेवायला जागा नाही. शिंपिणी आल्यात, मासेवाल्या आल्यात, चर्चमधल्या गायक बायका पांढऱ्या झग्यांत आल्यात. त्या तर सुरात शिव्या देतायत. ओग्बोन्ना, काही कळलं दवाखान्यातून?

ओग्बोन्ना: फोन लागत नाही. लागला तर बाहेरच्या गोंगाटात ऐकू येत नाही. उलोमाची आई तिथे आहे, ती करेल म्हणाली.

उगोन्मा: चूक माझी आहे. तुला ‘कर’ म्हणाले ती मी.

ओग्बोन्ना: पेन्सिल माझी होती.

आत्या: घ्या भांडून तुम्ही, मी बिया सोलते.

उगोन्मा: ओग्बोन्ना... रागावू नकोस. पण तुझे हात बघ जरा.

ओग्बोन्ना: काय झालं हातांना?

उगोन्मा: तू ती मुखियाची टोपी कुस्करतोयस. केव्हापासून? तीन आठवडे तू शेवटच्या प्रसंगात हातांचं काय करू, हातांचं काय करू म्हणून माझं डोकं खाल्लंस. कधी पाठीमागे बांधायचास, कधी कमरेवर. हे बघ. हे असे हात हवेत.

ओग्बोन्ना: मला नाटक करायचं नाही, उगोन्मा. परवा बाजारात तू दुसरा कोणी उभा कर. मी नाही येत.

आत्या: कोण येणार? या गावात ते सोंग घ्यायला कोण तयार आहे? म्हणून तर हा बकरा सापडला तिला.

उगोन्मा: नको येऊस. खरंच नको येऊस. मी सगळं बंद करते यंदा. पण एक सांग. मी तुला वहीत प्रश्न लिहून दिले होते. सकाळी काय खाल्लं त्यानं, बायको कशी हाक मारायची, असे. त्यातला एक होता, ‘मुखिया कशाला भीत होता?’ तू लिहिलंस, ‘साहेबाला.’ मी लाल रेघ मारून परत दिलं.

ओग्बोन्ना: दोनदा दिलंस. दुसऱ्यांदा मी लिहिलं, ‘बायकांना.’

उगोन्मा: त्यालाही रेघ मारली.

ओग्बोन्ना: आणि मला राग आला. म्हटलं, मास्तर मी आहे की ही?

उगोन्मा: आज काय लिहिशील?

आत्या: अगं, त्याच्या जिवाला घोर लागलाय आणि तू त्याचा पेपर काय घेतेस?

ओग्बोन्ना: असू दे, आत्या. नुसतं बसून मला वेड लागेल. आज... आज मी वेगळंच लिहीन. साहेबानं त्याला वही दिली असेल ना, तेव्हा त्यानं पहिली मोजणी कुणाची केली असेल? दुसऱ्यांच्या घरी जायची हिंमत लगेच होत नाही. त्यानं आपल्या घरापासून सुरुवात केली असणार. साहेबाला दाखवायला, बघा, काही होत नाही, माझ्या घरातली माणसं मीच लिहिली. आणि मग बायका दारात आल्या, मुसळं वाजायला लागली, तेव्हा तो आत बसून बाहेर बघतच नसेल. तो घरातल्यांकडे बघत असेल. एकेकाच्या तोंडाकडे. आता यातलं कोण जाणार म्हणून.

उगोन्मा: बापरे.

ओग्बोन्ना: मी त्याला तीन आठवडे पाजी माणूस म्हणून करत होतो. डोळे वटारून, छाती काढून. तो पाजी असेलही. पण आतून तो असा पोकळ झाला असेल, पहाटेपासून माझं झालंय तसा. त्याला कोणीतरी येऊन सांगायला हवं होतं, की जा रे बाबा, सगळे जिवंत आहेत. त्याला कोणी सांगितलं नसेल.

आत्या: तुझा फोन थरथरतोय. तिकडे, पेटीवर.

ओग्बोन्ना: हॅलो! हॅलो, मावशी? काय? ऐकू येत नाहीये! मावशी, जोरात! अहो बाहेर बायका... काय म्हणालात? आत्या, मला काही ऐकू येत नाहीये!

आत्या: थांब. खिडकी उघड, उगोन्मा. माझ्या पायांना मुंग्या आल्यात, धर मला. ए बायांनो! ए! मी म्बाफोर बोलतेय, या घरची लेक! या गावच्या माहेरवाशिणींत आज माझ्याहून थोरली कोणी जिवंत असेल तर तिनं गावं, बाकीच्यांनी तोंडं मिटा! उलोमाच्या आईचा फोन आहे!

(बाहेर एकदम शांतता.)

ओग्बोन्ना: हां मावशी. आता बोला. हो... हो, मीच. बाळंत झाली? बरं. बरं. मुलगी आली? रडली? रडतेय ती तीच का? ऐकू येतंय मला, मावशी, ऐकू येतंय! आणि उलोमा? उलोमा कशी आहे? तिखट सूप मागतेय? बकरीच्या मटणाचं? आत्या, ती सूप मागतेय! हां मावशी, बोला. अजून काय? कोण आलं? तिच्या पाठोपाठ... कोण? मावशी, परत सांगा. तिचा भाऊ? कुणाचा भाऊ? मुलीचा?

उगोन्मा: काय म्हणतात?

ओग्बोन्ना: थांब... हो. हो मावशी. नाही, रडत नाहीये. सर्दी झालीय. येतो. येतो मी, सुटलो की येतो. ठेवतो.

आत्या: बोल की मेल्या, माझा प्राण कंठाशी आलाय.

ओग्बोन्ना: मुलगी आली, आत्या. आणि मागोमाग तिचा भाऊही आला. लहान आहे, पण ओरडतोय. सगळे सुखरूप आहेत. उलोमाला उठवून बसवलंय.

आत्या: देवा, देवा रे. ये इकडे. रड, रड, काही होत नाही. जीव भांड्यात पडला गं बाई माझा.

उगोन्मा: म्हणजे पोटात... दोघं होते?

आत्या: परत आकडा!

उगोन्मा: चुकले! पण कोणालाच कसं माहीत नाही?

ओग्बोन्ना: ती मशीनवाल्याकडे गेलीच नव्हती. मागल्या वेळी आत डोकावून बघितलं आणि पुढे ते तसं झालं, म्हणून यंदा म्हणाली, कोणी बघायचं नाही.

आत्या: माझ्या हाताला लागलं होतं. महिन्यापूर्वी तिच्या पोटाला तेल लावलं तेव्हा. इकडे एक टाच, तिकडे एक टाच, आणि मधे पुन्हा कुणाचं तरी डोकं. म्हटलं, आपण कशाला तोंड उघडा? जे आलंय ते येईल आपल्या पायांनी.

ओग्बोन्ना: तुला माहीत होतं? आणि सकाळपासून तू इथे शांतपणे बिया सोलत बसलीस? मला म्हणाली का नाहीस?

उगोन्मा: शांतपणे कुठे? हे बघ ना. सोललेल्या बिया आणि टरफलं सगळं एकाच पातेल्यात टाकलंय यांनी. सकाळपासूनचं.

आत्या: अगं बाई. खरंच की.

ओग्बोन्ना: आत्या...

आत्या: म्हातारीला काही जीव नसतो होय? मी काय देव आहे, आत हात घालून बघायला? ते जाऊ दे. आता मला विचार करू दे. काल तू काय म्हणालास? शब्द न शब्द सांग.

ओग्बोन्ना: ‘आणि आत एक.’

आत्या: आणि आत तेवढं होतं का?

ओग्बोन्ना: नव्हतं.

आत्या: मग चुकली की तुझी मोजणी! खोटी मोजणी ती मोजणीच नाही. मोजलंच नाहीस तू कोणाला. हात धर गं उगोन्मा, मला खिडकीशी घे परत. ऐका गं! उलोमाची सुटका झाली! मुलगी आली आणि मागून तिचा भाऊ आला! आमच्या मास्तरानं काल मोजलं ते साफ चुकलं! या गाढवाला मोजतासुद्धा येत नाही!

उगोन्मा: ऐक, ऐक! कशा आनंदानं किंचाळतायत. त्या गायक बायका नाचायला लागल्या झग्यांत.

ओग्बोन्ना: गाढव म्हणालीस मला सगळ्या गावासमोर.

आत्या: तुझ्या भल्यासाठी. परवा शाळेत पोरं हसतील, हसू दे.

ओग्बोन्ना: हसू दे. आयुष्यभर हसू दे. गणितात कच्चा मास्तर म्हणून पाटी लावा दारावर. चला, मी निघतो. मोटारसायकलची किल्ली कुठंय? उगोन्मा, त्या उठल्या का?

उगोन्मा: नाचून झालं. आणि परत बसल्या.

ओग्बोन्ना: परत? का?

आत्या: मोजणी खोटी ठरली रे. पण पेन्सिल रोखलीस ती तर खरी ना? त्याची माफी राहिलीच. जा, मागून ये. आत बसून का आपोआप होणार आहे?

ओग्बोन्ना: काय म्हणू? उगोन्मा, शेवटच्या प्रसंगात मुखिया टोपी काढून त्यांच्या पायाशी ठेवतो आणि म्हणतो...

उगोन्मा: मला नको विचारू. मी यातलं काही शिकवू शकत नाही तुला. तीन आठवडे तू माफी मागायचास आणि मला वाटायचं, हा पोलिसांत जबाब देतोय.

ओग्बोन्ना: टोपी घालून जाऊ का?

आत्या: मुखिया होऊन गेलास तर परवापर्यंत बसतील, तालमीची हौस आहेच पुढच्यांना. बोडक्या डोक्यानं जा. आणि शर्टाची बटणं नीट लाव, सगळी वर-खाली झालीत.

ओग्बोन्ना: कडी काढतोय. आत्या, तू मागे राहा माझ्या.

आत्या: आहे. चल. गावची थोरली सून इहुओमा पुढ्यात बसलीय, तिच्याशीच बोल.

इहुओमा: आला का बाहेर? इकडे ये, उजेडात. मी म्हातारी आहे, मला नीट दिसत नाही. कोण आहेस तू? मुखिया की मास्तर?

ओग्बोन्ना: ओग्बोन्ना आहे, इहुओमा आजी. म्बाफोरचा भाचा.

इहुओमा: बोल मग. आमची मुसळं जड आहेत, हात दुखले.

ओग्बोन्ना: आजी, मी काल तुमच्यावर पेन्सिल रोखली. नाटक रंगलंय म्हणून मला माझाच अभिमान वाटत होता. तुम्ही गप्प झालात ती मला टाळी वाटली. मी चुकलो. हे असलं काही मी मानत नाही, असं मी कालपर्यंत सांगत होतो. आज पहाटेपासून मी जमिनीवर बसून एकच मागत होतो, की माझ्या बोटामुळे कोणी उणं होऊ नये. मला शिक्षा करा, काय वाटेल ते करा. फक्त आधी मला दवाखान्यात जाऊ द्या. माझा भाऊ इथे नाही. त्याच्या जागी कोणीतरी जाऊन उभं राहायला हवं.

इहुओमा: परवा बाजारात मुखिया होऊन उभा राहणार आहेस का?

ओग्बोन्ना: तुम्ही सांगाल तसं.

इहुओमा: उभा राहा. हेच बोल. त्या खऱ्या मुखियानं हे कधी बोलून दाखवलं नाही. आम्हाला ऐकायचंय. माझी आई वाट बघून गेली.

ओग्बोन्ना: हो, आजी.

इहुओमा: आता मला एवढं सांग, मास्तर. तुझ्या घरात आज लेकरं किती आली?

ओग्बोन्ना: मी अजून पाहिली नाहीत, आजी. पाहून येतो, मग सांगतो कोणाचं नाक कोणासारखं आहे ते.

इहुओमा: सरका गं बायांनो. काकाला वाट द्या.